दोन पुल्या टांगल्या म्हणून ओझं निम्मं होत नाही: साध्या यंत्रांबाबत या चुका टाळा

'यंत्राची पाच उदाहरणं सांगा' म्हटलं की उत्तरं ठरलेली असतात. मिक्सर, शिलाई मशीन, वॉशिंग मशीन, ट्रॅक्टर, जेसीबी. उत्तरं बरोबर आहेत. पण 'ट्रकमध्ये पिंप चढवायला लावलेली फळी यंत्र आहे का?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, 'सर, ती तर नुसती फळी!' हे फक्त सहावीतल्या पोरांचं नाही, इंजिनिअरिंगला निघालेल्यांचंही तेच. इतकी वर्षं त्याच त्या चुका तपासून हात दुखले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी फळीचंच बघू. ट्रकचा तळ जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे आणि पिंप ९० किलोचं. सरळ उचलायचं तर ९० किलोचा जोर लावावा लागेल. ३.६ मीटर लांबीची फळी लावली आणि पिंप तिच्यावरून गडगडवत नेलं, तर साधारण ३० किलोच्या जोरात काम होतं, पण ढकलावं लागतं तिप्पट अंतर. ९० गुणिले १.२ म्हणजे १०८. ३० गुणिले ३.६ म्हणजेही १०८. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या तरी रक्कम शंभरच राहते, तसा हा व्यवहार आहे. आणि मोडून देणारा, म्हणजे घर्षण, आपलं कमिशन कापून घेतोच. (इथे मी जोर किलोत मोजतोय, कारण आपण बोलतो तसंच. वहीत मात्र न्यूटनच लिहा, किलोला ९.८ ने गुणून. बल किलोग्रॅममध्ये लिहिलेल्या उत्तराचा मी अर्धा गुण कापतो आणि त्यावर वाद घालत नाही.)

एका जागी बल लावायचं आणि दुसऱ्या जागी भार हलवायचा, आणि मधल्या मध्ये बलाचं माप किंवा दिशा किंवा दोन्ही बदलून मिळायचं, ही सोय जिथे आहे ते यंत्र. त्याला वीज लागत नाही, चाकं लागत नाहीत, आवाज लागत नाही. फळी स्वतः जागची हलत नाही तरी यंत्र आहे, कारण तिच्यावरून भार सरकतो. टेबलही भार पेलतं, पण त्याच्यावरचं पुस्तक जिथल्या तिथे राहतं. हाताने काही दिलं नाही, भाराला काही मिळालं नाही, म्हणून टेबल यंत्र नाही. माझी तपासणी तीन प्रश्नांची असते. हात कुठे लागला? भार कुठे आहे? दोघं किती किती सरकले? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढे जाऊच नका.

सहाची यादी पाठ करणं

तरफ, कप्पी (म्हणजेच पुली), चाक व आस, उतरण, पाचर, मळसूत्र. यादी चांगली आहे, पण ती काही निसर्गाने छापून दिलेली नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पाचच यंत्रं मोजली होती आणि त्यात उतरण नव्हतीच. ती यादीत आली युरोपात, पुष्कळ शतकांनी. नीट पाहिलं तर पाचर म्हणजे सरकवता येणारी उतरण, मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. कप्पी आणि चाक-आस ही तरफेचीच भावंडं. आणि द्रवाच्या दाबावर चालणारा गॅरेजमधला जॅक या सहांत कुठेच बसत नाही, तरी यंत्र आहेच. 'सहापैकी कोणतं?' या प्रश्नात अडकून बसण्यापेक्षा वरचे तीन प्रश्न विचारा.

हातोडीला एकाच खान्यात टाकणं

हातोडीच्या चिमट्याने खिळा उपसताना ती तरफ असते, हे बहुतेकांना येतं. खिळा ठोकताना ती काय असते? तिथे गाडी अडते. अर्ध्या किलोचं डोकं सेकंदाला ५ मीटर वेगाने खिळ्यावर आलं, तर त्यात सव्वासहा ज्यूल ऊर्जा असते. खिळा ५ मिलिमीटर आत गेला, तर सरासरी बल १२५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ सव्वाशे किलो. हाताने मात्र तीच ऊर्जा ६० सेंटिमीटरच्या फटक्यात भरली, सरासरी दहा-अकरा न्यूटनने, म्हणजे किलोभराच्या जोराने. लांब अंतरावर थोडं बल दिलं, छोट्या अंतरात भरपूर घेतलं. फळीचाच व्यवहार, फक्त मधल्या वेळात माल वेगाच्या रूपात साठवला. म्हणून लाकूड कठीण असेल तर खिळा कमी आत जातो आणि बल वाढतं, आणि शेवटी खिळाच वाकतो.

कप्प्या मोजणं, दोर न मोजणं

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. 'एक कप्पी म्हणजे ओझं निम्मं, दोन कप्प्या म्हणजे पाव.' हे वाक्य मी पोरांकडून ऐकलंय, मास्तरांकडून ऐकलंय आणि मोटार काढणाऱ्या कारागिरांकडून तर हमखास.

एका नातेवाइकांच्या विहिरीतली पाणबुडी मोटार जळाली होती. मोटार सुमारे ६० किलोची, विहीर काठापासून दहा-बारा मीटर खोल. मोटार काढायला आलेल्या गड्याने येतानाच दोन पुल्या आणल्या होत्या. 'दोन लावतो, म्हणजे हलकी जाईल' म्हणाला. विहिरीच्या दोन खांबांवर आडवा लिंबाचा वासा होता. त्याला त्याने दोन्ही पुल्या शेजारी शेजारी बांधल्या, दोर दोन्हींवरून घेतला, एक टोक मोटारीला, दुसरं काठावरच्या तिघांच्या हातात. मी म्हटलं, दोन्ही पुल्या वरच आहेत, एकही मोटारीबरोबर हलत नाही, तर ओझं कमी कसं होईल? त्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघून हसला, तसं शहरातून आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात.

वर पक्की बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलते. खाली ६० किलो लटकलेत, तर दोरात ताण ६०च, एक कप्पी लावा नाहीतर दहा. उलट प्रत्येक कप्पीगणिक घर्षण वाढतं, म्हणजे हातात ६०च्या वरच येतं. आणि खरी गोम पुढेच आहे, जी गाइडमध्ये कुणी लिहीत नाही. वाशावर किती भार आला? दोराची एक बाजू ६० किलोने खाली ओढतेय आणि ओढणारे दुसऱ्या बाजूने आणखी तेवढंच ओढतायत. सरळ खाली ओढलं असतं तर वाशावर १२० किलो आले असते. हे तिघं काठावरून तिरकं ओढत होते, म्हणून पुरते १२० नाहीत, पण शंभराच्या वर नक्की. वर हिसके. एक-दोन-तीन म्हणत हिसका दिला की तेवढ्यापुरतं सगळंच वाढतं.

मोटार अर्ध्यावर आली आणि वासा कडाडला. तुटून पडला नाही, नशीब. मधोमध उभा चिरला आणि वाकला. तिघांनी दोर सोडला, मोटार परत गेली खाली आणि पायऱ्यांच्या टप्प्यावर आदळली. कुणाला लागलं नाही. पंख्याचं आवरण फुटलं, मोटारीच्या बिलात त्याची भर पडली. गडी म्हणाला, 'वासाच कुजका होता.' असेलही कुजका. पण त्याच्यावर मोटारीच्या जवळपास दुप्पट भार टाकायचं कारण काय?

दुसऱ्या दिवशी वाशाच्या जागी लोखंडी पाइप टाकला आणि एक पुली मोटारीच्या कडीला बांधली. दोराचं एक टोक पाइपला पक्कं, तिथून दोर खाली मोटारीच्या पुलीतून वळून परत वर, वरच्या दुसऱ्या पुलीवरून काठाकडे. आता मोटार दोन दोरांवर लटकली, एकेकात ३० किलो. पुलीचं वजन आणि घर्षण धरून हाताला पस्तीस-चाळीस लागले असतील. वरच्या पाइपवर? पक्क्या टोकाचे ३० आणि वरच्या पुलीचे जास्तीत जास्त ६०, म्हणजे फार तर ९०. आदल्या दिवसापेक्षा कमी.

मग तक्रार आली ती दोराची. आदल्या दिवशी पुरलेला दोर आज निम्म्यात संपला. मोटार एक मीटर वर यायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, म्हणजे विहिरीत बाराच्या जागी चोवीस मीटर दोर हवा. धाकटा भाचा मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन नवीन दोर घेऊन आला. हातावरचं ओझं निम्मं झालं, त्याची किंमत दोराच्या दुकानात मोजली. मोटार मात्र दोघांनीच काढली, बोलत बोलत.

माझी सवय अशी आहे: भाराभोवती, त्याच्याबरोबर हलणाऱ्या कप्पीसकट, मनातल्या मनात एक गोल काढायचा. त्या गोलातून किती दोर वर जातात? तेवढ्याने भागायचं. वरच्या कप्पीवरून हातात येणारा दोर गोलाला छेदत नाही, तो मोजायचा नाही. वरून उभं राहून खालच्या कप्पीतला दोर थेट वर ओढत असाल तर तोही गोलातून वर जातो, तो मोजायचा. कप्प्या किती आहेत याकडे बघायचंच नाही.

मग वरची पक्की कप्पी लावतातच कशाला, असा उर्मट प्रश्न एखादा विचारतो, आणि प्रश्न चांगला आहे. खाली ओढताना तुमच्या अंगाचं वजन तुमच्या बाजूने येतं, म्हणून. रहाटाला, झेंड्याच्या खांबाला तेच. जुन्या मोटेला बघा: वरचं चाक पक्कं, त्याने पाण्याचं ओझं कमी होत नसे. पण बैल धावेवरून उताराला चालत नाडा ओढायचे, त्यामुळे बैलांचं स्वतःचं वजनही ओढायला लागायचं. विहिरीशेजारी तो उतार बांधणाऱ्याला कप्पीचा धडा कुणी शिकवला नव्हता, तरी त्याला ते कळत होतं. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या पक्क्या कप्पीवरून खाली ओढून तुम्ही तुमच्या वजनापेक्षा जास्त भार उचलू शकत नाही. हट्ट केलात तर भार खाली राहील आणि तुम्ही वर जाल.

तरफेचे प्रकार वस्तूच्या नावावरून लिहिणं

'अडकित्ता दुसरा प्रकार, कात्री पहिला, चिमटा तिसरा.' तोंडपाठ. (टेकू मध्ये असेल तर पहिला, भार मध्ये असेल तर दुसरा, बल मध्ये असेल तर तिसरा.) मग मी विचारतो, 'पहार?' 'पहिला!' असं सगळे एका सुरात ओरडतात. दगडाखाली पहारीचं टोक घातलं, अलीकडे एक छोटा धोंडा टेकूला ठेवला आणि दांडी खाली दाबली, तर पहिला. पण टोक दगडाच्या पलीकडे जमिनीत रोवलं आणि दांडी वर उचलली, तर टेकू टोकाशी, भार मध्ये, हात शेवटी; झाला दुसरा. पहार तीच, दगड तोच. दीड मीटरची पहार असेल आणि भार टेकूपासून १५ सेंटिमीटरवर, तर पहिल्या पद्धतीत बलभुजा, म्हणजे टेकूपासून हातापर्यंतचं अंतर, १३५ सेंटिमीटर, म्हणजे नऊपट लाभ. दुसऱ्यात १५० सेंटिमीटर, दहापट. तरीही लोक पहिलीच पद्धत वापरतात, कारण दाबताना अंगाचं वजन कामी येतं आणि कंबर शाबूत राहते.

वस्तूला प्रकार नसतो, वापराला असतो. आधी टेकू शोधा, मग भार, मग बल. जोडीतली वस्तू असेल तर दोन तरफा असतात, हेही विसरू नका. नेलकटरची वरची दांडी एक, खालची पाती दुसरी, आणि पाती तिसऱ्या प्रकारात मोडतात.

याच्यातच दडलेली आणखी एक चूक: भुजा दांडीच्या बाजूने मोजणं. भुजा म्हणजे टेकूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. गाडीची स्टेपनी बदलताना नट सुटत नाही म्हणून लोक व्हीलपान्यावर उभे राहतात, आणि पाना तिरका वर, जमिनीशी साठ अंशांत. वजन सरळ खाली जातंय. ३० सेंटिमीटरचा पाना आहे, पण उपयोगी भुजा १५ सेंटिमीटरच. पाना काढून फिरवून आडवा लावा, निम्म्या जोरात नट सुटेल. हे सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि पुन्हा तसाच उडी मारतो, कारण पाना काढून लावायला चार सेकंद लागतात!

यांत्रिक लाभ एकापेक्षा कमी आला की घाबरणं

यांत्रिक लाभ म्हणजे भार भागिले बल. उत्तर ०.२ आलं की मुलं खोडतात आणि ५ लिहितात. 'यंत्र म्हणजे बल वाढलंच पाहिजे' हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. साधी काळी सायकल घ्या. पेडलची दांडी साडेसतरा सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ३५, पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८. पेडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाचेक मीटर पुढे जाते, तर तुमचा पाय फिरतो एक मीटरभर. म्हणजे रस्त्याला मिळणारं बल पायाच्या बलाच्या पाचव्या हिश्शाइतकं, आणि अंतर पाचपट. सायकल घेतोच आपण त्यासाठी.

तुमचा हातही तसाच. कोपरापासून साडेचार-पाच सेंटिमीटरवर दंडाचा स्नायू जोडलेला आणि पंजा पस्तीसेक सेंटिमीटरवर. पंजात ५ किलोची पिशवी धरली, कोपर काटकोनात, तर स्नायू ३५-४० किलोच्या ताणात असतो. शरीराने इथे बल गमावलं आणि वेग कमावला. चेंडू फेकता येतो तो त्यामुळेच. झाडू, गळ, चिमटा, सगळे याच जातीचे.

यंत्र काम वाचवतं, किंवा फुकट देतं, असं समजणं

ही चूक छोटी वाटते, पण विज्ञान प्रदर्शनात हिचा वड होतो. दरवर्षी कुठेतरी परीक्षक म्हणून बोलावतात आणि दरवर्षी एक तरी प्रकल्प 'फुकट वीज' नावाचा असतोच. आधी तो पुस्तकातून यायचा, आता रीलमधून येतो: लोहचुंबकाने फिरणारा पंखा, नाहीतर मोटारीने फिरवलेला डायनॅमो आणि डायनॅमोने चालवलेली तीच मोटार.

एका तालुक्याच्या प्रदर्शनात असाच एक प्रकल्प आला होता. थर्माकोलचं घर, छपरावर एलईडीची माळ, बाजूला दोन छोट्या मोटारी पट्ट्याने जोडलेल्या. मुलगी घडाघडा बोलत होती: 'एकदा धक्का दिला की पहिली मोटार दुसरीला फिरवते, दुसरी वीज देते, त्या विजेवर पहिली चालते आणि उरलेल्या विजेवर घर उजळतं.' मार्गदर्शक शिक्षक शेजारी हात बांधून उभे. मी म्हटलं, छान, मी बाकीचे प्रकल्प बघून येतो, हे असंच चालू राहू दे. शिक्षक चटकन म्हणाले, 'सर, आत्ताच बघा ना, मग गर्दी होईल.' तिथेच मला कळलं. परत आलो तेव्हा माळ मंदावली होती. थर्माकोलचा तळ उचलला तर खाली चौकोनी नऊ व्होल्टचा सेल चिकटपट्टीने लावलेला. मुलीला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. तिचा चेहरा बघून विचारवलं नाही. राग आला तो हात बांधून उभ्या असलेल्या माणसाचा.

हे स्वप्न आजचं नाही. आपल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धांतशिरोमणीत पाऱ्याच्या चाकाचं वर्णन दिलंय: पोकळ आरे, त्यांत अर्धा अर्धा पारा, आणि चाक आपोआप फिरत राहणार. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. एवढा मोठा गणिती, म्हणून चाक फिरलंच असेल, असं मला चावडीवर ऐकवणारे भेटतात. भास्कराचार्यांचं मोठेपण त्या चाकावर अवलंबून नाही. चाकाच्या एका बाजूला पारा आसापासून लांब जातो हे खरं, पण त्या बाजूला एका वेळी थोडेच आरे असतात. दुसऱ्या बाजूला पारा जवळ असतो, पण आरे जास्त. दोन्हीकडच्या घूर्णांची (वजन गुणिले आसापासूनचं अंतर) बेरीज सारखी होते, आणि थोडं डोलून चाक थांबतं. पुढे युरोपातही अनेकांनी याच कल्पनेचा पिच्छा पुरवला. १६००च्या सुमारास गॅलिलिओने स्पष्ट लिहिलं की यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही, बल वाचवलं तर अंतरात मोजावं लागतं. आणि १७७५मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला की अखंड चालणाऱ्या यंत्राचे प्रस्ताव यापुढे तपासणारच नाही. मला त्या अकादमीचा हेवा वाटतो.

प्रकल्प खरा की खोटा हे कसं ओळखायचं? मी गणित करत बसत नाही. आधी विचारतो, ऊर्जा आत कुठून येतेय ते बोटाने दाखव. मग म्हणतो, भार लाव. रिकामं चाक चांगल्या बेअरिंगवर बराच वेळ फिरतं, त्यात नवल नाही. त्याला दोऱ्याने एक किलोचं वजन उचलायला लावा. आणि शेवटी चहा प्यायला जातो. घाई असलेल्या परीक्षकांनाच हे प्रकल्प फसवतात.

कार्यक्षमता कमी म्हणजे यंत्र वाईट, असं लिहिणं

नेहमी नाही. ट्रकचा मळसूत्री जॅक घ्या. दांडी अर्धा मीटर, मळसूत्राच्या दोन आट्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर. दांडीच्या एका फेरीत हात ३.१४ मीटर फिरतो आणि भार ५ मिलिमीटर उचलला जातो. वेग गुणोत्तर, म्हणजे हाताचं अंतर भागिले भाराचं अंतर, ६२८. एक टन उचलायला कागदावर १.६ किलोचा जोर पुरे. मुलं हे लिहितात आणि खूश होतात. प्रत्यक्षात कार्यक्षमता, म्हणजे हाताने केलेल्या कामातला भारापर्यंत पोचलेला हिस्सा, २० टक्के धरली तर ८ किलो लागतात. पाचातले चार हिस्से घर्षणाने खाल्ले.

पण हात सोडल्यावर ट्रक खाली का येत नाही? त्याच घर्षणामुळे. मळसूत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर गेली, तर भार स्वतःच मळसूत्र उलटं फिरवून खाली येऊ शकतो. जॅकखाली झोपून काम करणाऱ्या मेकॅनिकला ९० टक्के कार्यक्षमतेचं मळसूत्र द्यायचं का, ते तुम्हीच ठरवा. (तसाही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. लाकडी ठोकळे लावा.)

प्रयोगवहीत शंभराच्या वर कार्यक्षमता

'१०४ टक्के' लिहून खाली लाल रेघ मारलेली वही दाखवायला येतात, आणि वर विचारतात, 'सर, काटा खराब आहे का?' काटा ठीक असतो. घाई नडलेली असते.

हलत्या कप्पीचा प्रयोग. ५०० ग्रॅमचं वजन, कप्पी ५० ग्रॅमची. मुलगा वजन उचलतो, हवेत थांबवतो, आणि निवांत वाचन घेतो: २४० ग्रॅम. दोन दोर, म्हणजे ४८०. ५०० भागिले ४८०, झाले १०४ टक्के. वजन थांबलेलं असताना घर्षण त्याला खाली येऊ देत नाही, म्हणजे भार तोलायला तुम्हाला मदत करतं. तुम्हाला हवंय उचलतानाचं बल. तोच भार हळूहळू, एकसारखा वर सरकत असताना वाचा: ३१० ग्रॅम. आता ५०० भागिले ६२०, ८१ टक्क्यांच्या आसपास. खाली सोडताना वाचलंत तर आकडा आणखी निराळा असेल, तोही लिहून ठेवा, घर्षण किती ते त्यावरून कळतं.

यांत्रिक लाभ बलांवरून काढायचा, वेग गुणोत्तर अंतरांवरून. दोन्ही सूत्रातून एकच आकडा आला तर समजायचं, एक मोजलंय आणि दुसरं नुसतं उतरवलंय. मी अशा वहीवर सही करत नाही.

आणि ताणकाटा उलटा धरून खाली ओढू नका. उलटा केला की त्याचं शून्य जागेवर राहत नाही, आणि हलक्या भाराला तेवढ्याने उत्तर बिघडतं. पक्क्या कप्पीवरून दोर खाली आणायचा असेल तर टोकाला पारडं बांधा आणि त्यात पाच-पाच ग्रॅमची वजनं वाढवत जा, भाराला बोटाने हलकीशी टिचकी देत. टिचकीनंतर भार थांबला नाही, संथपणे वर सरकत राहिला, की पारडं आणि वजनं दोन्हींची बेरीज लिहा. पारड्याचं वजन विसरणारे निम्मे तरी असतात.